चित्रपात्रांचा कंठ : ॲनिमेशनपटांची संगीत नाट्यरूपे आणि मराठी रंगभूमीचा अनुभव

प्रस्तावना :

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १८ एप्रिल १९९४ रोजी 'ब्यूटी अँड द बीस्ट' या संगीत नाटकाचा शुभारंभ झाला. वॉल्ट डिस्ने कंपनीने १९९१ मध्ये काढलेल्या याच नावाच्या ॲनिमेशनपटावर ते आधारलेले होते. नाट्यसमीक्षकांपैकी अनेकांनी त्याचे स्वागत थंडपणेच केले. तरीही हे नाटक २००७ पर्यंत चालले व त्याचे ५,४६१ प्रयोग झाले. १९९७ मध्ये आलेले 'द लायन किंग' तर आजही चालू आहे. या दोन उदाहरणांवरून असा समज रूढ झाला की, लोकप्रिय ॲनिमेशनपट, भरपूर भांडवल व मुलांना घेऊन येणारा कुटुंबवत्सल प्रेक्षक एवढे जमले की रंगभूमीवरील यश निश्चित होते.

वस्तुस्थिती तशी नाही. 'टारझन' (२००६) चौदा महिन्यांत, ४८६ प्रयोगांनंतर बंद पडले. 'द लिटल मर्मेड' (२००८) ६८५ प्रयोगांवर थांबले. ड्रीमवर्क्सच्या 'श्रेक' (२००८) या नाटकाचे ४४१ प्रयोग झाले. या सर्वांमागे मोठ्या चित्रसंस्था होत्या, मूळ चित्रपट जगभर गाजलेले होते आणि खर्चात कोठेही हात आखडता घेतलेला नव्हता. मग काही नाट्यरूपे तगली आणि काही का तगली नाहीत, हा प्रश्न उरतोच.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मराठी रंगभूमीच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. प्रथमदर्शनी हा संबंध ओढूनताणून लावल्यासारखा वाटेल. तथापि ॲनिमेशनपटाचे नाटक करताना जो मूलभूत पेच उभा राहतो, तो म्हणजे गाणे नेमके कोणाच्या कंठातून यावे हा होय. आणि या पेचातून मराठी रंगभूमी एकोणिसाव्या शतकातच, १८४३ ते १८८० या काळात, गेली आहे. त्या पेचाची मुळे त्याहूनही मागे, पैठणसारख्या ठिकाणी सापडतात.

चित्र एकीकडे, स्वर दुसरीकडे :

ॲनिमेशनपटात पात्राचा देह आणि पात्राचा आवाज यांचा उगम वेगवेगळा असतो. देह चित्रकाराच्या रेषेतून येतो. आवाज ध्वनिमुद्रणकक्षातील नटाचा किंवा गायकाचा असतो. प्रेक्षक हे दोन्ही एक मानून घेतो, परंतु ते मूलतः एक नसतात. हा प्रकार विसाव्या शतकातील यंत्रयुगाचीच देणगी आहे असे समजण्याचे कारण नाही. चित्र दाखवून त्याची कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ही परंपरा आजपर्यंत जपली आहे. पोथीतील एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरायचे आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने कथा गायची, अशी ही पद्धत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. याच कुळातील चित्रांचा एक मोठा संच 'पैठण चित्रे' या नावाने ओळखला जातो. चित्रकथीत चित्र मुके असते. राम, रावण, घटोत्कच या सर्वांच्या वतीने गाणारा एकटा कथेकरीच असतो.

ज्या पैठणचे नाव या चित्रांना मिळाले, त्याच पैठणात सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. भारुडाची रीत नेमकी उलट आहे. तेथे गाणारा आपणच जोशी होतो, गोंधळी होतो, आंधळा होतो, बहिरा किंवा मुका होतो. तो त्या पात्राविषयी गात नाही, पात्र होऊन 'मी' म्हणून गातो. डोक्यावरचे फडके बदलले की सोंग बदलते. पडेगावहून दीड-दोन तासांत पोहोचता येईल अशा एका गावाशी या दोन्ही रीती निगडित असाव्यात, हा योगायोग मोठा सूचक आहे. एका रीतीत चित्र आहे पण त्याला स्वतःचा कंठ नाही. दुसरीत कंठ आहे पण चित्राची गरजच पडत नाही. ॲनिमेशनपटाचे संगीत नाटक करणे म्हणजे पहिल्या रीतीतून दुसऱ्या रीतीत जाणे होय.

भारतीय ॲनिमेशनचे आरंभीचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्यांना हालचाल दिली. पुढे चित्रपटधंद्याला कंटाळून काशीला गेलेल्या फाळक्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा कोल्ह्यावरील व्यंगपट काढला. परंतु या वाटेने मराठीत फारसे पीक आले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील व्यंगचित्रपट विभागात जे काम झाले, ते प्रबोधनपर लघुपटांपुरते राहिले.

सांगली ते पुणे :

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसा खेळ मराठीत करण्याची आज्ञा दिली होती, हा इतिहास सर्वपरिचित आहे. येथे महत्त्वाचा आहे तो त्या खेळाचा साचा. कथानकाची पदे सूत्रधार आपल्या साथीदारांसह गात असे. पात्रे त्या पदांना अनुसरून हातवारे करीत, युद्ध करीत आणि पद संपले की आयत्या वेळी सुचेल ते भाषण बोलत. म्हणजे राम रंगमंचावर प्रत्यक्ष उभा आहे, तरी रामाचे गाणे सूत्रधाराच्या तोंडी आहे. चित्रकथीतील चित्राच्या जागी जिवंत नट आला, एवढाच काय तो फरक. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही तयार करविल्या होत्या. त्यांचे पुनरुज्जीवन पुढे रामदास पाध्ये यांनी केले. नटाला सूत्रधाराच्या गाण्यावर हालवणाऱ्या माणसाला बाहुल्यांचा मोह पडावा, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

ही व्यवस्था मोडली ती ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक त्या दिवशी सादर झाले. नाटकातील पदांची संख्या शंभराहून अधिक होती आणि ती पदे पात्रे स्वतः गात होती. मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत स्वतःचे प्रेम स्वतःच गाऊन दाखवीत होता. सूत्रधार नांदी व प्रस्तावना आटोपून आत गेला, तो पुन्हा मध्ये आला नाही. किर्लोस्करांच्या आधी त्रिलोकेकरांनी 'नलदमयंती'त असा प्रयत्न केल्याचा दाखला दिला जातो. तथापि रंगभूमीची दिशा बदलली ती 'शाकुंतला'ने आणि १८८२ च्या 'सौभद्रा'ने. 'सौभद्रा'त अर्जुन, सुभद्रा, कृष्ण, रुक्मिणी यांची पदे एकमेकांच्या तोंडी घालून पाहिली तर ती शोभत नाहीत. पद हे पात्राच्या स्वभावाचे आणि त्या क्षणीच्या त्याच्या गरजेचे झाले. नाट्यपद आणि कथापद यांतील हा भेद एकदा ध्यानात घेतला की ब्रॉडवेवरील यशापयशाचा बराच उलगडा होतो.

अर्थात पात्राला कंठ मिळाला की सर्व काही साधले, असे नाही. पुढील काळात वन्समोअरच्या मागणीवरून एकेक पद लांबत गेले, नाटकाची मैफल झाली आणि दुष्यंत बाजूला राहून गवई तेवढा उरला. या दोषाची चर्चा मराठी नाट्यसमीक्षेत पुष्कळ झाली आहे. तिची पुनरुक्ती येथे करावयाची नाही.

गाणारी चित्रे आणि न गाणारी चित्रे :

१९८९ चा 'द लिटल मर्मेड', १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' आणि १९९२ चा 'अलादीन' या तीन ॲनिमेशनपटांच्या मागे गीतकार हॉवर्ड ॲशमन व संगीतकार ॲलन मेन्केन ही जोडी होती. दोघेही रंगभूमीवरून आलेले. त्यांचे 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हे नाटक १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाजले होते. गाण्याच्या आधी पात्र ज्या ठिकाणी असते त्या ठिकाणी ते गाण्यानंतर राहता कामा नये, हा रंगभूमीचा नियम त्यांनी चित्रपटात आणला. 'लिटल मर्मेड'मधील नायिकेचे मनुष्यलोकाच्या ओढीचे गीत चाचणी प्रयोगाच्या वेळी बालप्रेक्षक चुळबुळ करू लागल्यामुळे गाळून टाकण्याचा विचार झाला होता. ॲशमन यांनी ते राहिलेच पाहिजे असा आग्रह धरला. ते गीत गेले असते तर जलपरीने आपला आवाज देऊन पाय का घेतले, याला आधार उरला नसता. १९९१ च्या मार्च महिन्यात ॲशमन निवर्तले. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सचे नाट्यसमीक्षक फ्रँक रिच यांनी त्या वर्षातील ब्रॉडवेचे सर्वोत्तम संगीत म्हणून 'ब्यूटी अँड द बीस्ट' या चित्रपटाच्या संगीताचा निर्देश केला. समीक्षकाला ॲनिमेशनपटात नाटक दिसले, कारण ते तेथे होतेच.

तरीही मूळ चित्रपट जसाच्या तसा उचलून चालले नाही. चित्रपटातील श्वापदाला स्वतंत्र असे एकही गीत नव्हते. सुमारे दीड तासाच्या चित्रपटात ते खपून गेले; मध्यंतर असलेल्या अडीच तासांच्या नाटकात नायकाने मुके राहून भागत नाही. म्हणून पहिल्या अंकाच्या अखेरीस त्याच्यासाठी निराशेचे एक नवे गीत रचण्यात आले. त्याचे शब्द टिम राइस यांचे होते. दुसरा बदल अधिक मार्मिक आहे. चित्रपटात शापामुळे वाड्यातील नोकरचाकर आरंभापासूनच मेणबत्तीदान, घड्याळ, किटली अशा वस्तू झालेले आहेत. रंगमंचावर किटलीच्या आकाराचा नट आणणे अशक्य, म्हणून नाटकात ही माणसे हळूहळू वस्तू होत चालली आहेत असे दाखविले. आज हात गेला, उद्या चेहरा जाईल, ही भीती त्यांच्या बोलण्यात आली. जी रंगमंचाची अडचण होती, तिचेच नाट्य झाले.

'द लायन किंग'चे उदाहरण याहून उद्बोधक आहे, कारण १९९४ चा हा चित्रपट पूर्णपणे पात्रमुखी गीतांचा नव्हता. त्याचे सुप्रसिद्ध प्रारंभगीत कथेतील कोणतेच पात्र गात नाही. सूर्योदय होतो, प्राणी चालत येतात आणि गाणे वरून कोठून तरी ऐकू येते. ही शुद्ध चित्रकथीची रीत झाली. नायक सिंबा वयात आल्यानंतर त्याला स्वतःचे गीत नाही. त्याचा पिता मुफासा तर गातच नाही. दिग्दर्शिका जूली टेमर यांनी १९९७ च्या नाटकात प्रारंभगीत रफिकी या वानराच्या पात्राकडे दिले, त्या पात्राला स्त्री केले आणि आरंभीच रंगमंचावर उभे केले. रफिकी ही या नाटकाची सूत्रधार झाली, पण भाव्यांच्या सूत्रधाराप्रमाणे कथेबाहेर उभी राहून नव्हे. ती कथेतलेच एक पात्र आहे. मुफासाला पूर्वजांविषयीचे, सिंबाला रात्रीच्या एकाकीपणाचे आणि नालाला घर सोडून जाण्याचे गीत मिळाले. या गीतांत दक्षिण आफ्रिकेचे संगीतकार लेबो एम यांचा वाटा मोठा आहे. ज्या ज्या पात्राला चित्रपटात कंठ नव्हता, त्याला तो शोधून देण्यात आला.

'टारझन'च्या बाबतीत काय झाले? १९९९ च्या चित्रपटात दिग्दर्शकांनी नायकाला गाऊ न देण्याचे ठरविले होते आणि गीते मुख्यत्वे फिल कॉलिन्स यांच्या आवाजात पार्श्वभूमीवर वाजत होती. चित्रपटात ती शोभली. टारझन वेलींवरून झेपावत असताना त्याच्याविषयी कोणी तरी गात आहे, हे पडद्यावर स्वाभाविक वाटते. नाटकात मात्र तीच गीते पात्रांच्या तोंडी वाटून दिली गेली व काही नवी जोडली गेली. कथापद हे नाट्यपद करण्यासाठी गायक बदलून पुरत नाही, हे यातून दिसते. दुसऱ्याने माझ्याविषयी केलेले वर्णन मीच गाऊ लागलो तर ते कृतक वाटते. नेपथ्यकार-दिग्दर्शक बॉब क्राउली यांनी नटांना हवेत झेपावण्याची विलक्षण योजना केली होती, परंतु झेप घेणाऱ्या नटाला श्वास रोखावा लागतो व गाणाऱ्याला तो सोडावा लागतो. हेच नाटक पुढे हॅम्बुर्गमध्ये अनेक वर्षे चालले, हे खरे. त्यामुळे ते सर्वथा टाकाऊ होते असे म्हणता येत नाही. तेथील प्रेक्षकाला कसरतीचे आकर्षण अधिक असावे, एवढेच अनुमान काढता येते.

'श्रेक'चा मूळ चित्रपट इतरांची गाजलेली लोकप्रिय गाणी जोडून उभा होता. नाटकासाठी जनीन टेसोरी यांनी नवे संगीत रचले. ते गुणी होते, पण चित्रपट मनात घेऊन आलेल्या प्रेक्षकाला ते परके वाटले असावे. शालेय व हौशी रंगभूमीवर मात्र हे नाटक पुढे फार लोकप्रिय झाले. गाढव, ड्रॅगन, परीकथांतील गर्दी हे सर्व तेथे पुठ्ठ्याच्या मुखवट्यांनी साकारावे लागते आणि त्या साधेपणात त्याला रंग चढतो.

देहाचा प्रश्न :

गीते मुळातच नाट्यपदे असूनही 'लिटल मर्मेड' ब्रॉडवेवर का तगले नाही, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर कंठात नसून देहात आहे. समुद्रतळ दाखविण्यासाठी २००८ च्या या नाटकात पारदर्शक, चकाकते नेपथ्य उभारले होते आणि पोहण्याचा भास व्हावा म्हणून नटांच्या पायांत चाके बसविलेले बूट घातले होते. मासा पोहतो तसा माणूस घसरेल, ही ती कल्पना. प्रेक्षकाला पाण्याऐवजी चाके दिसली. चित्रकाराची रेषा जे सहज करते त्याची नक्कल रंगमंच करू लागला की तो हरतो, कारण त्या स्पर्धेत रेषेला गुरुत्वाकर्षणाचे बंधन नाही.

टेमर यांनी ही स्पर्धाच टाळली. तरुणपणी त्यांनी इंडोनेशियात राहून तेथील मुखवटे व छायाबाहुल्यांचा अभ्यास केला होता. 'लायन किंग'मध्ये सिंहाचा मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर नाही, त्याच्या कपाळाच्या वर आहे. नटाचा चेहरा झाकला जात नाही. प्रेक्षकाला माणूस आणि सिंह एकाच वेळी दिसतात आणि दोहोंतून एक जनावर कल्पनेने जुळवावे लागते. जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या लावून चालणारा माणूस आहे, हे कोणी लपवीत नाही.

मराठी लोकरंगभूमीच्या अभ्यासकाला यात नवलाचे काही वाटू नये. दशावतारात गणपती लाकडी सोंडेचा मुखवटा धारण करून येतो आणि मुखवट्यामागचा माणूस गावातला कोण आहे हे समोर बसलेल्या मुलालाही ठाऊक असते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून एकेक सोंग संबळाच्या तालावर पुढे-मागे नाचते. भाव्यांच्या खेळात सरस्वती मोरावर बसून येई. मोर कमरेला बांधलेला असे आणि पाय सरस्वतीचेच असत. राक्षस 'अलल्लडुर्र' असा घोष करीत, पेटते पलिते घेऊन येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेल्या पिढीने या खेळांना 'अलल्लडुर्र नाटके' म्हणून हिणविले. तो उपहास करताना वास्तवाचा भास हीच कलेची कसोटी आहे, हे गृहीत धरलेले होते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी ब्रॉडवेवरील सर्वांत यशस्वी नाटकांपैकी एक नाटक उघड्या मुखवट्यांवर आणि उघड्या दोऱ्यांवर उभे राहावे, हा इतिहासाचा काव्यगत न्याय म्हणावा लागेल. मराठीत यासाठी शब्द शोधण्याची गरज नाही. टेमर यांनी जे आणले ते सोंग होय. सोंग आणणारा कोणालाही फसवीत नाही; पाहणाऱ्याच्या संमतीने तो दुसरा कोणी होतो.

मुंबईतील प्रयोग आणि पार्श्वगायनाचा अडसर :

महाराष्ट्रात ही नाट्यरूपे प्रत्यक्ष आली ती मुंबईत. डिस्नेच्या भारतीय शाखेने ऑक्टोबर २०१५ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट' सादर केले. दिग्दर्शन विक्रांत पवार यांचे, नृत्ययोजना टेरेन्स लुईस यांची आणि संगीताची बाजू लेस्ली लुईस यांच्याकडे होती. नटसंच भारतीय होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात श्रुती शर्मा दिग्दर्शित 'अलादीन' आले. त्याची नृत्ययोजना शंपा गोपीकृष्ण यांनी केली होती. दोन्ही निर्मितींत भारतीय नट प्रत्यक्ष गात होते, ही गोष्ट भव्य नेपथ्याच्या व उडत्या गालिच्याच्या कौतुकात दुर्लक्षित राहिली.

ती महत्त्वाची का, हे या दोहोंच्या मध्ये आलेल्या एका वेगळ्या नाटकावरून कळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिरोज अब्बास खान यांनी त्याच जमशेद भाभा नाट्यगृहात 'मुघल-ए-आझम' सादर केले. मूळ चित्रपट १९६० चा, ॲनिमेशनचा नव्हे. परंतु एका अर्थाने हिंदी व मराठी चित्रपट हे ॲनिमेशनपटाचे भाऊबंदच आहेत. मधुबालाचा देह आणि लता मंगेशकरांचा स्वर ही विभागणी चित्रित राजकन्या आणि ध्वनिमुद्रणकक्षातील गायिका या विभागणीहून फारशी वेगळी नाही. नाटकात ही फारकत मिटवावी लागली. अनारकलीची भूमिका आळीपाळीने करणाऱ्या प्रियांका बर्वे व नेहा सरगम या दोघी गायिका-अभिनेत्री रंगमंचावर नृत्य करीत स्वतः गात होत्या. प्रियांका बर्वे या पुण्याच्या, गायिका मालती पांडे-बर्वे यांच्या नात. जो प्रेक्षक केवळ आरशांचा झगमगाट पाहावयास आला होता, त्यालाही अनारकलीचा धाप लागलेला श्वास गाण्यात ऐकू आला. हा श्वास चित्रपटात नव्हता आणि नाटकाने मिळविलेली भर तीच आहे.

बोलपटाच्या आरंभी मराठीत असा दुरावा नव्हता. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे स्वतः गायले. 'संत तुकाराम' (१९३६) मधील विष्णुपंत पागनीसही स्वतःच गायले. ही माणसे संगीत रंगभूमीच्या संस्कारातील होती. पार्श्वगायन रुळल्यावर गाणारा नट ही जातच विरळ झाली, आणि बोलपटामुळे नाटक कंपन्यांचा आर्थिक पाया खचला तो वेगळाच. पुढच्या पिढ्यांना गाणे म्हणजे कोणाचे तरी मुद्रित गाणे, ही सवय लागली. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत ध्वनिमुद्रित गीतावर ओठ हलविण्याची जी प्रथा दिसते, तिचे मूळ याच सवयीत आहे. ॲनिमेशनपटावरील नृत्यनाट्ये बसविताना तर मूळ ध्वनिफीत लावून मुलांना मुखवटे चढविले जातात. त्यात चित्रपात्राला देह मिळतो, पण कंठ चित्रपटाचाच राहतो. विद्यार्थी पुन्हा चित्रकथीतील चित्र होतो. फरक इतकाच की गाणारा कथेकरी समोर नसून ध्वनिक्षेपकात असतो. मराठवाड्यातील तरुण नट एकांकिका स्पर्धांतून शब्दांवर आणि देहबोलीवर मेहनत घेतात, हे सर्वज्ञात आहे. गळ्यावरील मेहनत मात्र स्पर्धेच्या चौकटीत क्वचितच मोजली जाते.

गाणाऱ्या नटाला मराठी प्रेक्षक आजही प्रतिसाद देतो, याचा पुरावा 'संगीत देवबाभळी'ने दिला. २०१७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या प्राजक्त देशमुख यांच्या या नाटकात शुभांगी सदावर्ते व मानसी जोशी या दोनच अभिनेत्री, आवली आणि रखुमाई होऊन, सबंध नाटक प्रत्यक्ष गायनावर पेलत असत.

भाषेची बाजू :

मुंबईतील 'ब्यूटी अँड द बीस्ट' व 'अलादीन' या दोन्ही निर्मिती इंग्रजीत होत्या. 'लायन किंग' मात्र टोकियोत १९९८ पासून जपानीत आणि हॅम्बुर्गमध्ये २००१ पासून जर्मनमध्ये चालत आले आहे. तेथे निर्मात्यांनी अनुवादाचा खर्च व कष्ट पत्करले, कारण भाषा परकी राहिली तर पात्राच्या कंठातून आलेले गाणेही प्रेक्षकाच्या दृष्टीने पुन्हा वरूनच वाजत राहते.

मराठी अनुवादापुढील अडचण चालीची आहे. इंग्रजी गीताची ओळ बहुधा आघातयुक्त एकाक्षरी शब्दावर संपते. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि बहुधा दोन-तीन अक्षरांचे असते. त्यामुळे मेन्केन यांच्या चालीवर मराठी शब्द बसविताना एक तर क्रियापद आधी आणावे लागेल किंवा शेवटचा स्वर लांबवावा लागेल. ही कसरत मराठी नाटककारांना नवी नाही. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी यांच्या आणि कर्नाटकी चाली आधी घेतल्या व मग त्यांवर शब्द लिहिले. 'मानापमाना'साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवरा'साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पदे रचली. हिंदुस्थानी बंदिशीच्या मात्रांत मराठी वाक्य मावते, तसेच ते पाश्चात्य चालीतही मावेल. मात्र त्यासाठी चाल ऐकून शब्द लिहिणारा कवी लागतो. छापील इंग्रजी गीताचे भाषांतर करून मग ते चालीत कोंबणाऱ्या अनुवादकाच्या हातून हे काम होणारे नाही, कारण त्याने लिहिलेली ओळ नटाला गाता येते की नाही हे त्याला तालमीच्या दिवशीच कळते.